मेंदूचा स्कॅन आणि मोजमापाचा प्रश्न

सायकॉलॉजीत पीएचडी करायची म्हणणाऱ्यांना विचारलं की कशात करणार, तर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर येतं. काहींना मेंदू हवा असतो, म्हणजे ईईजी (डोक्यावरून मेंदूतले विद्युत संदेश टिपणं), स्कॅनर वगैरे, आणि काहींना टेस्ट, प्रश्नावल्या, व्यक्तिमत्त्व, बुद्धिमत्ता. स्टॅटिस्टिक्स मात्र दोघांनाही नको असतं, ते शेवटी कुणाकडून तरी करून घेऊ असा हिशोब असतो. मला आज त्याबद्दलच बोलायचंय, कारण आपण जे मोजतोय ते नीट मोजलं जातंय का हा प्रश्न डेटा गोळा करून झाल्यावर विचारला तर त्याचा काही उपयोग नसतो.

ही फाटाफूट जुनी आहे. ली क्रॉनबाख १९५७ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते आणि त्यांनी अध्यक्षीय भाषणात हेच मांडलं होतं, की आपल्या विषयात दोन वेगळी शास्त्रं नांदतायत. एक प्रयोग करणाऱ्यांचं, दुसरं माणसामाणसांतला फरक मोजणाऱ्यांचं. प्रयोगवाल्याला सगळी माणसं सारखी वागली तर आनंद होतो, फरक त्याला नुसता कचरा वाटतो. दुसऱ्याचं सगळं काम त्या फरकावरच चालतं.

आता स्ट्रूप टास्क घ्या. सगळ्यांना माहीत आहे, १९३५ पासून वापरात आहे, ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत लिहिलेला असतो आणि तुम्ही शाईचा रंग सांगायचा. वेळ जास्त लागतो, जवळपास प्रत्येकालाच लागतो, म्हणून हा इतका भरवशाचा प्रयोग. मग कुणाला तरी वाटतं की वा, हा टास्क एवढा पक्का आहे तर याच्यावरून कुणाचा स्वतःवर ताबा किती ते मोजू, आणि तो स्कोअर मेंदूच्या स्कॅनशी जोडू. आणि इथेच घोटाळा होतो! प्रत्येकाला साधारण तेवढाच उशीर होतो म्हणूनच तर तो प्रयोग पक्का होता, म्हणजे माणसामाणसांत फरक कमी, म्हणजे त्याच लोकांना काही आठवड्यांनी परत बसवलं तर कोण वर कोण खाली हा क्रम बराच हलतो. २०१८ मध्ये हेज, पॉवेल आणि समनर यांनी असे बरेच नावाजलेले टास्क तपासून हे दाखवलं, त्याला रिलायबिलिटी पॅरॅडॉक्स म्हणतात, रिलायबिलिटी म्हणजे परत मोजलं तरी तसंच उत्तर येण्याचा भरवसा, शून्य ते एक अशी मोजतात. मला विचाराल तर हा पेपर प्रत्येकाने पहिल्याच सेमिस्टरला वाचायला हवा.

याचा फटका किती बसतो ते आकड्यांतच बघू. स्पिअरमन या मानसशास्त्रज्ञाने १९०४ मध्येच त्याचं सूत्र देऊन ठेवलंय. समजा दोन गोष्टींचा खरा संबंध ०.५ आहे, पण एका मापाची रिलायबिलिटी ०.४ आणि दुसऱ्याची ०.८. त्यांचा गुणाकार ०.३२, त्याचं वर्गमूळ साधारण ०.५७, खऱ्या ०.५ ला त्याने गुणलं की तुमच्या हाती येणारं कोरिलेशन, म्हणजे दिसणारा संबंध, सरासरी ०.२८. ०.५ पकडायला ८० टक्के पॉवर (म्हणजे संबंध असेल तर तो सापडण्याची शक्यता) धरून ३० च्या आसपास माणसं पुरली असती, ०.२८ ला जवळपास १०० लागतात. तुम्ही ३० वर थांबलात, काही सापडलं नाही, आणि लिहून मोकळे झालात की संबंध नाही.

स्कॅनरमुळे हे सुटत नाही, उलट वाढतं. एफएमआरआय, म्हणजे काम करणाऱ्या मेंदूचा स्कॅन, न्यूरॉन थेट बघत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल बघतं, तो सिग्नल टोकाला पोचेपर्यंत पाचेक सेकंद जातात आणि एका छोट्याशा व्हॉक्सेलमध्ये, म्हणजे स्कॅनच्या चित्रातल्या एका ठोकळ्यात, लाखो न्यूरॉन असतात. २०२२ मध्ये मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० लोकांचा डेटा एकत्र करून मेंदूची रचना, त्यातली जोडणी आणि वर्तन यांचे संबंध तपासले तर ते फारच बारीक निघाले, इतके की खात्रीने सापडायला हजारो माणसं हवीत, आणि या क्षेत्रातल्या अभ्यासांचं नेहमीचं सॅम्पल होतं २५ च्या आसपास. याचा अर्थ मेंदूचा अभ्यास सोडा असा नाही हं. एकाच माणसाला वेगवेगळ्या अटींत ठेवून त्याच्याच दोन स्कॅनची तुलना करायची असेल तर कमी माणसांतही उत्तम काम होतं, फक्त तो प्रश्न वेगळा आहे.

आणि प्रश्नावलीवाल्यांनीही निवांत होऊ नये. डिप्रेशनच्या सात प्रचलित स्केल, म्हणजे ते मोजायच्या प्रश्नावल्या, संशोधक आयको फ्रीड यांनी २०१७ मध्ये शेजारी ठेवून बघितल्या, तर त्यांत मिळून ५२ वेगवेगळी लक्षणं निघाली आणि बरीचशी कुठल्या तरी एकाच स्केलमध्ये होती, बाकीच्यांत नव्हतीच. म्हणजे दोघांनी डिप्रेशनवर काम केलं तरी दोघांनी एकच गोष्ट मोजली असेल असं नाही. क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे स्केलमधले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, ०.९ आला म्हणून खूश होणारे खूप भेटतात, पण एकच प्रश्न शब्द बदलून पाच वेळा विचारला तरी अल्फा चांगलाच येतो, आणि स्केल नेमकं काय मोजते ते त्यातून कळत नाही.

त्यामुळे गाईडशी विषय ठरवताना सुरुवातीलाच सांगा की आधी टास्क तपासते किंवा तपासतो. तीच माणसं काही आठवड्यांनी परत बोलवायची, दोन्ही वेळचे स्कोअर ताडून बघायचे. रिलायबिलिटी कमी आली तर ट्रायल, म्हणजे टास्कमधल्या फेऱ्या, वाढवून बघा, त्याने बऱ्याचदा सुधारते, तरीही नाही सुधारली तर टास्क बदला, आणि स्कॅनरची वेळ त्यानंतरच मागा.