माती पिकासाठी तपासली, खाणाऱ्याचं काय?

(दृश्य: जुन्या बंगलीचं मागचं परस)

न्हाणीचं पाणी जातं तिथे अळू. खिडकीखाली पालक, कुंपणाला लागून वांगी. फवारणी नाही, रासायनिक खत नाही. घरची भाजी म्हणून ती आधी पोरांच्या ताटात पडते.

(दृश्य: खिडकीची चौकट, जवळून)

आता जरा वर बघा. जुन्या तैलरंगाचे पोपडे सुटलेत. घरगुती रंगांतल्या शिशावर, या विषारी धातूवर, आपल्याकडे 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागू झाली 2017 मध्ये. त्याआधीच्या रंगात शिसं किती, ते बघून कळत नाही. पोपडे गळतात ते थेट पालकाच्या वाफ्यात. कुंपणापलीकडे रस्ता. शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली बंद झालं खरं, पण धुरातून खाली बसलेलं शिसं कुजत नाही. मातीच्या वरच्या वीतभर थरात ते धरून राहतं, आणि बी पेरतो तेही तिथेच.

माती तपासून घेतली की झालं, असं वाटतं. पण मृद आरोग्य पत्रिकेतल्या, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या सरकारी माती-अहवालातल्या, 12 बाबी बघा: नत्र, स्फुरद, पालाश, सामू (pH), सेंद्रिय कर्ब, जस्त, लोह... सगळी चौकशी पिकाची. शिसं, कॅडमियम हे विषारी जड धातू यादीतच नाहीत. प्रयोगशाळेत ‘जड धातू’ असं वेगळं सांगावं लागतं. पैसेही वेगळे, अर्थात.

(दृश्य: नळाखाली पालक)

वांगी, टोमॅटो, मिरचीच्या फळात शिसं फारसं चढत नाही. पालेभाजीवर ते मुख्यतः उडालेल्या मातीतून येतं. म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवायची. गाजर, मुळा सोलूनच घ्यायचे. कॅडमियम मात्र पानाच्या आत शिरतं, ते धुऊन जात नाही. देशावरची काळी माती अल्कधर्मी, ती हे धातू बऱ्यापैकी धरून ठेवते. कोकणातली आम्लधर्मी जांभी माती तेवढी धरत नाही.

लहान मुलांना खरा धोका भाजीपेक्षा मातीचाच: खेळून आलेले हात तसेच तोंडात जातात. रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीच पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हा भिंतीलगत जास्वंद लावा, पालेभाजी कुंड्यांत न्या. कुंडीची माती विकत घेताना ती कुठली, हे विचारा, राडारोड्यातली नको. आणि खिडकी खरवडायची असेल, तर खाली ताडपत्री अंथरा, रंग ओला करूनच घासा, आणि त्या दिवशी पोरांना आजोळी धाडा.