११५ लिटरचा मुक्काम

(दृश्य: पहाटेचा निळसर उजेड. पिकअप ट्रकच्या पाठीवर बसवलेलं छोटंसं घर, मागच्या रॅकवर दोन सायकली.)

थंडीत वाळवंटात राहायला जातो म्हटलं की लोक पहिलं विचारतात, रात्री गारठत नाही का? गारठ्याचं होतं हो काहीतरी, हीटर आहे, जाड पांघरुणं आहेत. खरा प्रश्न पाण्याचा. आमच्या कॅम्परची टाकी ११५ लिटरची, आणि दोघांना मिळून दिवसाला १५ लिटर धरले, म्हणजे पिणं, स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं सगळं त्यातच, तर सात दिवस निघतात, आठवा ओढूनताणून. इथे किती दिवस राहायचं ते आमची सुट्टी ठरवत नाही, ही टाकी ठरवते.

आत्ता आपण अमेरिकेत, ॲरिझोना राज्याच्या पार दक्षिणेला, सोनोरन वाळवंटात आहोत, गावाचं नाव आहो. हो, घरात हाक मारतात ना, जवळपास तसंच ऐकू येतं, आणि स्पॅनिशमध्ये आहो म्हणजे लसूण. इथे तांब्याची मोठी उघडी खाण होती, ती १९८५ मध्ये बंद पडली. गावाबाहेरची बरीच जमीन सरकारची आहे, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट बघतं ती, सगळे बीएलएमच म्हणतात. तिथे फुकट मुक्काम करता येतो, १४ दिवस, मग हलायचं. नळ नाही, वीज नाही, कचरापेटीही नाही, जे आणलं ते परत न्यायचं. भांड्यांचं खरकटं पाणीसुद्धा आम्ही जमिनीवर ओतत नाही, ते वेगळ्या टाकीत साठवून गावात डम्प स्टेशनवर सोडतो.

ट्रक कॅम्पर म्हणजे ट्रेलर नव्हे, मागे ओढायचं काही नाही, अख्खं घरच ट्रकच्या हौद्यात बसतं आणि झोपायची जागा ड्रायव्हरच्या डोक्यावर येते. म्हणून अरुंद कच्च्या रस्त्यावर शिरता येतं आणि, त्याहून महत्त्वाचं, वळून परत येता येतं. पण वजनाला मर्यादा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, हा ट्रक किती भार उचलेल ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि त्यातून कॅम्पर, माणसं, सायकली, गॅसचे सिलिंडर वजा करत गेलं की शेवटी पाण्याला किती किलो उरतात ते कळतं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात घासाघीस चालत नाही. आणखी एक कॅन घेऊ या, असं दरवेळी वाटतं आणि दरवेळी तो घरी ठेवावा लागतो.

(दृश्य: कोरड्या ओढ्याच्या काठावर पॅलो वर्देचं हिरव्या खोडाचं झाड, खाली ट्रक.)

या हिवाळ्यातली पहिली जागा आम्ही चुकीची निवडली. इथल्या कोरड्या ओढ्याला वॉश म्हणतात. वॉशमध्ये मुक्काम करायचा नसतो एवढं माहीत होतं, दूर डोंगरात पाऊस पडला तरी इथे लोंढा येऊ शकतो, म्हणून काठावर थांबलो, झाडाखाली, छान आडोसा होता. संध्याकाळपर्यंत अंगात टी-शर्ट होता. मग सूर्य गेला आणि तासाभरात जॅकेट, टोपी, मोजे. हवा इतकी कोरडी आणि आकाश इतकं निरभ्र की जमिनीची ऊब अडवायला वर काहीच नसतं, ती सरळ निघून जाते. आणि गार हवा जड असते, उतारावरून घरंगळत खाली येते आणि वॉशच्या आसपास साचून राहते, पाणी साचावं तशी. आम्ही बरोबर त्या डबक्यात झोपलो होतो. पहाटे बाहेरचं थर्मामीटर उणे ३ दाखवत होतं.

आत आम्ही ठीक होतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, त्यामुळे या थंडीत हीटरला काही अडचण नाही. खिडकी मात्र बोटभर उघडी लागते, नाहीतर दोघांच्या श्वासाचं पाणी भिंतीवर ओघळतं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते झोपण्याआधी रोज बघायचं, रोज म्हणजे रोज. गडबड झाली ती बाहेरच्या शॉवरच्या पाइपाची. तो मागच्या भिंतीत, हीटरची ऊब पोचत नाही अशा कोपऱ्यात. रात्री गोठला, जोड तडकला, आणि बर्फानेच भोक बुजवून ठेवलं होतं म्हणून काही कळलं नाही. सकाळी ऊन त्या भिंतीवर आलं, बर्फ वितळला, तेव्हा आम्ही फिरायला गेलो होतो, टाकीतलं पाणी नळांकडे ढकलणाऱ्या पंपाचं बटण चालूच. परत येताना लांबूनच घरघर ऐकू आली. बायको म्हणाली, "अरे, पंप कसा वाजतोय?" आणि आम्ही दोघं पळत सुटलो. ४० लिटर गेले. अडीच दिवसांहून जास्तीचं पाणी वाळूत, आणि थोड्याच वेळात त्या ओल्या वाळूवर मधमाश्या जमल्या, कुठून आल्या देव जाणे, दुपारपर्यंत ओल होती तोवर त्या होत्या. पाण्यासाठी इतका जीव टाकणारं दुसरं कोणी मी पाहिलेलं नाही.

तेव्हापासून झोपताना पंप बंद आणि बाहेरची लाइन रिकामी. आणि जागा बदलली, तीसेक मीटर वर, दक्षिणेला तोंड असलेल्या उतारावर. इथला ऑर्गन पाइप नावाचा निवडुंगही हेच करतो, त्याला कडक थंडी सोसत नाही, म्हणून तो बहुतेक दक्षिणेकडच्या उतारांवर वाढलेला दिसतो. तो कुठे उभा आहे ते आधी बघायला हवं होतं आम्ही.

(दृश्य: सायकली खाली उतरताना. टायरचा क्लोजअप.)

एकदा कॅम्पर लेव्हल करून बसवला की ट्रक हलवणं जिवावर येतं, भांडी आवरा, छप्पर खाली घ्या, सगळं बांधा. म्हणून सायकली. ट्रक जागेवर, फिरणं सायकलवर, डिझेलही वाचतं. टायर रुंद, ट्यूबलेस, आत भोक आपोआप बुजवणारं सीलंट, कारण इथे सराटे आहेत, आपल्याकडच्या माळावर चपलेत घुसतात तेच. चोया निवडुंगाचं काय सांगू, नुसता निसटता स्पर्श झाला तरी काट्यांचा अख्खा गोळा पोटरीला येऊन बसतो, हाताने काढायला गेलात की हातात. एक साधा कंगवा जवळ ठेवायचा, त्याचे दात गोळ्याखाली घालून गोळा एका झटक्यात उडवायचा.

सहाव्या दिवशी टाकी भरून आम्ही दक्षिणेला ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंटमध्ये गेलो. १९३७ सालापासून राखलेली ही जागा पार मेक्सिकोच्या सीमेपर्यंत जाते. ट्विन पीक्स कॅम्पग्राउंडवर पाणी मिळतं, वीज नाही. आमचं सोलर पॅनेल छपरावर आडवं, आणि डिसेंबरात भर दुपारी सूर्य इथे जेमतेम ३४ अंश वर येतो, त्यामुळे वीज निम्म्यावर येते, संध्याकाळी दिवे लवकर मालवावे लागतात. मला त्याचं वाईट वाटत नाही, बाहेर मृग नक्षत्र एवढं लखलखतं की आत कोण बसतं.

इथे सायकल फक्त रस्त्यांवर, पायवाटांवर नाही. पण रस्ताच असा आहे, आहो माउंटन ड्राइव्ह, ३४ किलोमीटरचा फेरा, बहुतेक कच्चा आणि जवळपास सगळा एकेरी, समोरून गाडी येत नाही. माणशी तीन लिटर पाणी घेतलं आणि आठ वाजता निघालो, त्याआधी बोटं ब्रेकवर वळत नाहीत. चढ दमवतो, पण दमल्यावर थांबता आणि थांबल्यावर दिसतं. सवारो निवडुंग पहिल्या आठ वर्षांत इंच-दीड इंच वाढतो, एखाद्या झुडपाच्या सावलीत लपून, आणि त्याला पहिला हात फुटायला ५० ते ७० वर्षं जातात, कोरड्या जागी त्याहूनही जास्त. त्याच्या अंगावरच्या उभ्या चुण्या हाताने नाही, डोळ्यांनी मोजल्या मी. पाऊस झाला की त्या पसरतात, कोरड पडली की मिटतात, आणि त्या दिवशी घट्ट मिटलेल्या होत्या. गाडीतून हे दिसलं नसतं, निदान मला तरी.

(दृश्य: छपरावर थेंब. आवाज फक्त पावसाचा.)

आणि त्याच रात्री पाऊस आला. हिवाळ्यातला पाऊस इथे पॅसिफिककडून येतो, उन्हाळ्यातल्यासारखा कोसळत नाही, तासन्‌तास हळू पडत राहतो. क्रिओसोटच्या झुडपांचा तो उग्र वास खिडकीच्या बोटभर फटीतून आत भरला आणि आम्ही दिवा न लावता पडून राहिलो.

पहाटे थांबला. सकाळी वॉशमध्ये पाणी कुठेच नव्हतं, वाळू फक्त काळसर झाली होती. टाकीत ६० लिटर होते, सायकली पुसल्या, साखळीला तेल घातलं आणि कालच्या त्या सवारोकडे पुन्हा निघालो, चुण्या बघायला.