पेपर नेमका कशाचा?

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, वाचताना अडखळणाऱ्या मुलांना परीक्षेत कोणती सवलत द्यायची, हा आपला आजचा विषय. चौथीच्या पेपरात असतं तसं एक उदाहरण फळ्यावर लिहितो. ‘एका बागायतदाराने ३६० आंबे प्रत्येकी १२ याप्रमाणे पेट्यांमध्ये भरले. त्यापैकी ५ पेट्या शेजाऱ्यांना दिल्या. तर किती पेट्या शिल्लक राहिल्या?’

आपल्याला यात भागाकार आणि वजाबाकी दिसते. अडखळत वाचणाऱ्या मुलाला आधी भेटतो तो ‘बागायतदाराने’ हा सात अक्षरी शब्द. पुढे पेट्यांमध्ये, त्यापैकी, शेजाऱ्यांना, शिल्लक, राहिल्या. जोडाक्षरं संपतच नाहीत. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. मग तो ओळखीचं तेवढं उचलतो, ३६०, १२ आणि ५, आणि बेरीज करून ३७७ लिहून मोकळा होतो. आपण फुली मारतो आणि नोंदवहीत लिहितो, ‘भागाकाराचा संबोध स्पष्ट नाही.’ तेच उदाहरण त्याला वाचून दाखवा. अशी कितीतरी मुलं पंचवीस असं उत्तर देतात. म्हणजे त्याला भागाकार येत होता, चुकली ती आपली नोंद.

तेव्हा सवलत द्यायची की नाही हे ठरवण्याआधी स्वतःला विचारा, हा प्रश्न नेमकं काय तपासतोय? गणित तपासत असेल तर वाचून दाखवा. परिसर अभ्यास असेल तर तोंडी उत्तर घ्या, ‘बाष्पीभवन’ची वेलांटी चुकली म्हणून गुण कापू नका. पण भाषेच्या पेपरात उतारा वाचून समजतो का हेच पाहायचं असेल, तर तो वाचून दाखवायचा नाही. दाखवलात तर ती श्रवणाची चाचणी झाली. तीही जरूर घ्या, पण नोंद करताना ‘ऐकून उत्तरे दिली’ असं स्पष्ट लिहा. ‘चष्मा लागणाऱ्या मुलाला चष्म्याशिवाय पेपरला बसवाल का? सवलतही तशीच,’ हे उदाहरण या विषयात सगळेच देतात. मला ते अर्धंच पटतं, कारण चष्मा सगळ्या पेपरांना चालतो, सवलत चालत नाही.

आता वाचून दाखवणं. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण आपला आवाज उत्तर फोडतो. ‘किती पेट्या शिल्ल-ल्लक राहिल्या?’ असं ओढून म्हटलंत की वजाबाकी तुम्हीच सांगितलीत. पर्यायी प्रश्नात बरोबर पर्यायावर आपला सूर नकळत चढतो. ‘अरे, दिल्या म्हणजे कमी झाल्या ना?’ हे तर सरळ शिकवणं झालं. सपाट आवाजात वाचा, मुलाने मागितलं तर पुन्हा तसंच वाचा. तो सांगेल ते लिहून घेत असाल तर त्याचेच शब्द लिहा, वाक्य सुधारू नका.

वेळेचं म्हणाल, तर मोठ्या परीक्षांमध्ये तासाला किमान २० मिनिटं जादा असा हिशोब असतो. तिसरीच्या मुलाला तो जसाच्या तसा लावू नका. आधीच दमलेलं मूल आणखी अर्धा तास बसवून ठेवलं की नुसतं खोडरबर कुरतडतं. पेपर दोन बैठकांत घ्या. आणि कृपा करून झेरॉक्स नीट काढा! एका पानावर पंधरा प्रश्न दाटीवाटीने कोंबलेले, त्यात ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतायत. असा पेपर चांगल्या वाचणाऱ्यालाही नको होतो. मोठा टाइप, ओळींत मोकळी जागा, वाचत असलेल्या ओळीखाली धरायला पुठ्ठ्याची पट्टी. हे सगळ्या वर्गाला द्या. कोणी तक्रार करणार नाही, आणि कोणा एकाला ‘तू इकडे वेगळा बस’ असं चारचौघांत म्हणावंही लागणार नाही.

सोपा पेपर काढणं ही मात्र सवलत नव्हे. पाच उदाहरणांऐवजी दोन सोपी दिली, तर मूल चौथीचं गणित करतं की दुसरीचं हे कळणार कसं?

सर्टिफिकेट नाही तर सवलत कशी द्यायची, हे नेहमी विचारलं जातं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातल्या खास अडचणीचा, समावेश आहे, आणि कलम १७ मध्ये जादा वेळ आणि लेखनिकाची, म्हणजे मूल सांगेल ते उत्तर लिहून घेणाऱ्याची, सोय स्पष्ट लिहिलेली आहे. त्याचं प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षानंतर मिळतं, म्हणजे तिसरीच्या आसपास. तोवर आपण हात बांधून बसायचं का? सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा २० ऑगस्ट २०१० चा शासन निर्णय आठवा. पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्षभर वर्गात शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाला, तिसरी-चौथीला ६० टक्के. तोंडी काम आणि प्रात्यक्षिक ही साधनं त्यातच आहेत. तिथे डॉक्टरांची सही लागत नाही, तुमची लागते.

शिवाय अडखळणारं प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसतं. कोणाच्या घरी पावरी किंवा कोरकू बोलतात, कोणी ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर चार-पाच महिने शाळेबाहेर असतं. पेपर वाचून दाखवल्याने यांचंही गणित खरं दिसतं. पण यांना वाचायला शिकवायचं काम तेवढ्याने टळत नाही, आणि काही शाळांत ते टळतं हे मी पाहतो. ‘त्याला तोंडी घेतो ना आम्ही’ म्हणायचं, आणि वाचनाच्या तासाला मात्र त्याला फळा पुसायला पाठवायचं!

मघाशी एका बाईंनी पाचवीच्या वार्षिक परीक्षेबद्दल विचारलं. राज्य शासनाच्या डिसेंबर २०२३ च्या निर्णयानंतर पाचवी आणि आठवीला ती परीक्षा आहे, अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षाही आहे. बाई, मार्चमध्ये लेखनिक शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो. ज्या मुलाने वर्षभर कोणाला तोंडी उत्तर सांगितलेलं नाही, तो त्या दिवशी लेखनिकासमोर गप्पच बसतो. जी सोय परीक्षेत देणार, ती घटक चाचणीत आणि रोजच्या स्वाध्यायात आधी वापरून पाहा. कोणाला काय उपयोगी पडलं आणि काय नाही, हे तारखेसह वर्णनात्मक नोंदीत लिहा. पालकांना मुलाच्या तपासणीसाठी पाठवाल तेव्हा त्या नोंदींची प्रतही सोबत द्या.