पतपेढीतून निघालेला राजदूत

नमस्कार श्रोतेहो. संचालकांनी पतपेढीचे पैसे खाल्ले आणि पुढच्या निवडणुकीत तेच पॅनेल पुन्हा निवडून आलं, हे ऐकून आपल्यापैकी किती जणांना नवल वाटेल? विशीतल्या एका अमेरिकन तरुणाला मात्र ते फार वाटलं. त्याचं नाव ख्रिस्तोफर हिल.

१९७४ साली कॉलेज संपवून हिल पीस कोअरचे, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशी सेवा-योजनेचे, स्वयंसेवक म्हणून आफ्रिकेतल्या कॅमेरूनला गेले. तिथे काम मिळालं पतसंस्थांचं. एका संस्थेत त्यांना आढळलं, की सभासदांचे ६० टक्के पैसे संचालक मंडळानेच लंपास केलेत! त्यांनी सभासदांपुढे सगळं मांडलं. सभासदांनी ऐकून घेतलं आणि तेच मंडळ पुन्हा निवडून दिलं. कारण त्या मंडळात वेगवेगळ्या जमातींचा तोल नीट सांभाळलेला होता. संस्था कशी चालते, हा प्रश्न त्यानंतरचा. मुत्सद्देगिरीचा पहिला धडा इथे मिळाला, असं हिल सांगतात: जे घडलं त्याला काहीतरी कारण असतं, ते समजून घ्या, ते आपल्याला बदलता येईलच असं धरून चालू नका.

१९७७ मध्ये ते परराष्ट्र सेवेत शिरले. पुढे मॅसिडोनिया, पोलंड, दक्षिण कोरिया, इराक, अगदी अलीकडे सर्बिया, एवढ्या ठिकाणी ते अमेरिकेचे राजदूत होते. त्यातला मॅसिडोनियातला एक प्रसंग सांगतो. जून १९९९. स्टेन्कोवेच इथे, सर्ब फौजांपासून पळून आलेल्या कोसोवोच्या अल्बेनियन निर्वासितांची छावणी होती. सर्बांना साथ दिल्याच्या संशयावरून जमाव रोमा या अल्पसंख्य समाजाच्या काही माणसांवर तुटून पडला. तेव्हा राजदूत हिल स्वतः छावणीत आले आणि खवळलेल्या लोकांना समजावत उभे राहिले. मेजवान्या आणि हस्तांदोलनं म्हणजेच राजदूतगिरी, असं मानणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

उत्तर कोरियाच्या अणुकार्यक्रमावर सहा देशांची बोलणी चालली होती, त्यात २००५ पासून अमेरिकेची बाजू हिल मांडत होते. जून २००८ मध्ये, कार्यक्रम थांबवत असल्याची खूण म्हणून, उत्तर कोरियाने आपल्या योंगब्योनच्या अणुभट्टीचा कूलिंग टॉवर स्फोट करून पाडला. तरीही हिल हा माणूस फारच नमतं घेतो, अशी वॉशिंग्टनमध्ये ओरड होती. ती अगदीच खोटी होती असं मला वाटत नाही, कारण एप्रिल २००९ मध्ये उत्तर कोरियाने बोलणीच सोडली.

तोवर हिल यांची नेमणूक बगदादला झाली होती. तिथे शिया, सुन्नी, कुर्द, प्रत्येकाला सत्तेत आपला वाटा हवा होता. मार्च २०१० मध्ये निवडणूक झाली. ऑगस्टमध्ये हिल यांनी बगदाद सोडलं, तेव्हाही इराकमध्ये नवं सरकार बनलेलं नव्हतं.