सराईचं पीठ

(दृश्य : पाणचक्की, चाक जवळून. सुरुवातीला फक्त पाण्याचा आवाज.)

अमेरिकेतल्या एका जुन्या सराईची ही पाणचक्की. अठरा फुटांचं चाक. तळ्याचं पाणी पन्हळीतून येऊन चाकाच्या माथ्यावर पडतं आणि पाण्याच्या भारानंच ते फिरतं.

आत दगडांची जोडी आहे. खालचा बसलेला, वरचा फिरणारा. आपल्या जात्यासारखीच रचना, फक्त खुंटा धरायला कुणी बसलेलं नाही. वरून दाणे वैरले की ते वरच्या दगडाच्या तोंडातून आत उतरतात आणि खोबणींमधून भरडत भरडत कडेला येतात. दगड फार जवळ आले तर पीठ तापतं, लांब गेले तर नुसता भरडा पडतो. म्हणून दळणारा माणूस अधूनमधून चिमूटभर पीठ अंगठ्यानं चोळून बघतो. खोबणी झिजल्या की दगड उचलून टाकी लावायची. ते काम करणारे हात आता तिथेही कमीच.

(दृश्य : पिठाच्या पिशव्या, मग लाल रंगाची लाकडी इमारत.)

हे पीठ जातं ते चालत काही मिनिटांवर असलेल्या स्वयंपाकघरात. बॉस्टनच्या पश्चिमेला सडबरी नावाचं गाव आहे, आणि ही तिथली वेसाइड इन. १७१६ साली डेव्हिड हाऊनं आपल्या राहत्या घरात वाटसरूंना उतरवून घ्यायचा परवाना काढला. बॉस्टनहून टपालाचा रस्ता दारावरूनच जायचा. घोड्याला दाणा, माणसाला जेवण आणि रात्रीपुरती पथारी. हाऊंच्या चार पिढ्यांनी, १८६१ पर्यंत, हेच केलं. दुसऱ्या पिढीतला इझिकिएल १७७५ च्या एप्रिलमध्ये सडबरीची माणसं घेऊन काँकर्डच्या लढाईला, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच चकमकींना, गेला होता.

हाऊंची सराई वेसाइड इन झाली ती कवी लाँगफेलोमुळे. १८६३ साली त्यानं या सराईत जमलेल्या मंडळींच्या तोंडी कथाकाव्यं घातली, ती गाजली, आणि पुढच्या मालकानं तेच नाव दारावर लावलं.

(दृश्य : जुनी बैठक. काळवंडलेल्या तुळया, शेकोटी.)

ही बैठक घरातला सगळ्यात जुना भाग. उंच माणसानं जरा जपून वावरावं. राहायच्या खोल्या फक्त दहा. खोलीतले खण उघडून बघा, आधीच्या पाहुण्यांनी लिहून ठेवलेल्या चिठ्ठ्या सापडतात. आम्हाला सापडल्या त्या वाचल्या, दाखवणार मात्र नाही.

१९२३ साली हेन्री फोर्डनं सराई विकत घेतली, हळूहळू भोवतीची तीनेक हजार एकर जमीनही. ज्याच्या मोटारींनी घोडागाड्यांचा जमाना संपवला, त्यानंच मोटारींची वर्दळ सराईच्या दारातून हटवायला हमरस्ता स्वतःच्या खर्चानं बाजूला वळवला! एका वर्गाची शाळा दुसऱ्या गावातून उचलून इथे आणली. ती पाणचक्कीही त्याचीच, १९२९ ची. म्हणजे सराईपेक्षा दोनशे वर्षांनी लहान. हे कळल्यावर आम्ही जरा हिरमुसलो. पण नवी असली तरी दळते खरंखुरं. पन्नासच्या दशकात एका मोठ्या पाव कंपनीनं ती भाड्यानं घेऊन तिच्यावर आपलं पीठ दळून घेतलं, ते १९६७ पर्यंत.

डिसेंबर १९५५ मध्ये आग लागली, बराच भाग जळाला, आणि १९५८ ला दारं पुन्हा उघडली.

(दृश्य : भोजनगृह. वाफाळतं ताट, पावाची टोपली.)

जेवणाची पानं मात्र साधी. शिंपल्यांचं दाटसर सूप, तासन्‌तास मंद आचेवर शिजलेलं मांस. गोडात ‘इंडियन पुडिंग’ हे नाव वाचून आपण उगाच सुखावतो. तो इंडियन म्हणजे मका. मक्याच्या पिठाला वसाहतवाले ‘इंडियन मील’ म्हणायचे. मक्याचं पीठ, दूध आणि काकवी, बराच वेळ भट्टीत. चव थेट आपल्या गूळ घातलेल्या सांज्याच्या गावाला जाते.

जुन्या वाड्यांना दोरी बांधून ‘हात लावू नये’ची पाटी टांगण्यात आपण पटाईत आहोत. इथे त्या बैठकीत बसून लोक जेवतात, सांडतात, पोरं रडतात.

(दृश्य : सकाळ. खिडकीतून ऊन, टेबलावर पाव आणि लोणी.)

नाश्त्याचा पाव जरा रवाळ लागतो. दगडावरचं दळण आहे ना.