बजेट मदरबोर्ड घेताय? पैसे नेमके कुठे घालायचे ते बघू

नमस्कार मंडळी.

(बोर्ड कॅमेऱ्याजवळ धरून) हा बघा. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या बाजूला एका रांगेत हे चौकोनी ठोकळे दिसतायत? हे चोक. त्यांना लागून नखाएवढ्या चपट्या चिप्स आहेत, ते मॉसफेट. आणि हे छोटे गोल डबे म्हणजे कपॅसिटर. या सगळ्यांना मिळून म्हणतात व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटर मॉड्यूल. स्वस्तातला बोर्ड हातात आला की मी आधी इथे बघतो, बॉक्सवर काय छापलंय ते नंतर.

कारण सांगतो. एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायमधून, बोर्डावर १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतो साधारण सव्वा व्होल्ट. ते खाली उतरवायचं काम व्हीआरएमचं. १०० वॅट खाणारा प्रोसेसर सव्वा व्होल्टवर चालवायचा म्हणजे ८० अँपिअर करंट. तुमच्या बाथरूममधला २ किलोवॅटचा गीझर ९ अँपिअरसुद्धा ओढत नाही! एवढा करंट या इवल्याशा चिप्समधून जातो, तेव्हा त्या तापणारच. म्हणून त्यांच्यावर उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा हीटसिंक हवा. अगदी स्वस्त बोर्डांवर नेमका तोच नसतो.

माझ्या पहिल्या पीसीत नव्हता. लालबागची आमची दहा बाय बाराची खोली, मे महिना. गेम सुरू केला की वीस मिनिटं झकास चालायचा, मग एकदम अडखळायला लागायचा. ग्राफिक्स कार्डचं तापमान ठीक, प्रोसेसरचंही ठीक. दोन महिने मी कार्डालाच दोष देत होतो. शेवटी साइड पॅनेल काढलं आणि व्हीआरएमजवळ नुसतं बोट नेलं तर चटका बसला. आठ कोरचा प्रोसेसर मी नंतर टाकला होता आणि बोर्डाला तो झेपत नव्हता, म्हणून बोर्डच त्याचा वेग खाली ओढत होता. कार्ड बदलायला पैसे जमवत होतो, ते वाचले. पण बोर्ड दुसरा घ्यावाच लागला. तुमचं तसं होऊ नये एवढ्यासाठी हा व्हिडिओ.

आणि प्रश्न फक्त वेगाचा नाही, आयुष्याचाही आहे. हे सॉलिड कपॅसिटर १०५ अंशांना अमुक तास, असे रेट केलेले असतात. ५,००० तास हा नेहमी दिसणारा आकडा. तापमान २० अंशांनी उतरलं की ते आयुष्य ढोबळमानाने दहापट होतं. मुंबईत खोलीच ३३-३४ अंशांवर असते, त्यामुळे हीटसिंकवर घातलेले पैसे मी वाया गेलेले मानत नाही.

दुसरी गोष्ट सॉकेट. एएमडीचा एएम४ सॉकेट आठवा. २०१७ मध्ये पहिले रायझन प्रोसेसर त्यावर आले आणि २०२२ मध्ये रायझन ५८००एक्स३डी पण त्याच सॉकेटवर आला. ज्यांनी एएम४ चा बी४५० बोर्ड जपून वापरला, त्यांनी नुसतं बायोस (पीसी सुरू करणारं, बोर्डातलंच सॉफ्टवेअर) अपडेट केलं, प्रोसेसर बदलला आणि आणखी कित्येक वर्षं काढली. आता एएम५ आहे, २०२२ पासून. त्याला २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ, असं एएमडीने सांगितलंय. इंटेलचा एलजीए १७०० सॉकेट प्रोसेसरच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला आणि २०२४ मध्ये नवीन सॉकेट आला. म्हणून पीसी सात-आठ वर्षं वापरायचा असेल तर आज माझं मत एएम५ ला.

त्यात चिपसेट, म्हणजे बोर्डावरची मुख्य कंट्रोल चिप, ए६२० की बी६५०? सहा कोरचा, ६५ वॅटचा प्रोसेसर टाकून तो कधीच बदलणार नसाल तर ए६२० पुरतो. पण पुढे ७८००एक्स३डीसारखा १२० वॅटचा प्रोसेसर टाकायची इच्छा असेल, तर हीटसिंकवाला बी६५० घ्या. आकड्यांना मात्र फसू नका. बी८४० हा आकडा मोठा वाटतो, पण त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक (ठरलेल्या वेगापेक्षा जलद) होत नाही. बी६५० वर होतो.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण मागे आहे का, तेही बघा. दुकानात पडून असलेल्या बोर्डात नवा प्रोसेसर टाकला आणि त्यातलं जुनं बायोस तो ओळखत नसेल, तर स्क्रीन काळीच राहते. हे बटण असेल तर पेनड्राइव्ह लावून, प्रोसेसर ओळखला जात नसतानाही, बायोस अपडेट करता येतं.

वायफाय नसलं तरी चालेल, कार्ड नंतर बसतं. रॅमचे दोनच स्लॉट असले तरी घाबरू नका. रायझन ७००० मध्ये रॅमच्या दोन स्टिकला अधिकृत वेग ५२०० मेगाट्रान्सफर प्रति सेकंद आहे, चार लावल्या की ३६०० वर येतो. म्हणजे १६-१६ जीबीच्या दोन घ्या, विषय संपला. एसएसडीसाठीचे एम.२ स्लॉट मात्र दोन हवेतच. गेम्सच्या साइझ बघताय ना?

आता खरेदी. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर मार्केटला जाणार असाल तर घाई करू नका. दोन-तीन दुकानांत भाव विचारा, जीएसटीचं पक्कं बिल घ्या. आणि बॉक्स काउंटरवरच उघडायला लावा. एएम५ मध्ये पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, असा... सगळ्या पिना एका दिशेने सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी जरी वेगळी चमकली तर ती वाकलीय, बोर्ड तिथल्या तिथे बदलून मागा. वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, आणि घरी गेल्यावर ती आधीच वाकली होती हे कोणाला पटवणार?

सॉकेटवरचं हे काळं प्लास्टिकचं झाकण प्रोसेसर बसवल्यावर फेकू नका. उद्या वॉरंटीला बोर्ड द्यायची वेळ आली तर पहिल्यांदा तेच मागतात. बिलासोबत बॉक्समध्येच ठेवा. आणि बॉक्स माळ्यावर टाकाल तेव्हा जाड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. पावसाळ्यात आपल्याकडे पुठ्ठ्याचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको.