फाटकावर अडवलेला सदरा

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागांचा आवाज ऐकत वाढलेल्या मंडळींपुढे बोलत असल्यामुळे लुगड्याचा काठ म्हणजे काय, हे मला समजावून सांगावे लागणार नाही. मुलगा की मुलगी, असा पाहणाऱ्याला प्रश्न पडावा असा वेश करणारी तरुण मुले उथळ असतात, असे आपण पटकन म्हणून टाकतो. पण त्या वेशामागचे कष्टाचे शिवणकाम आपल्याला दिसत नाही, हे मला आज सांगायचे आहे.

माझे वडील शिंपी होते. १९८४ च्या सुमारास कॉलेजात शिकणारा एक मुलगा जुने शहापुरी लुगडे घेऊन आमच्या दुकानात आला आणि म्हणाला, "काका, बाह्या ढगळ ठेवा, मनगटाशी चुण्या घ्या आणि गळ्याला काठाची झालर लावा." वडिलांनी लुगडे उजेडात धरले, घडीवर विरलेला भाग खडूने वगळला आणि काठाला कात्री लावण्यापूर्वी एकच विचारले, "आजीला विचारलंस का रे?" तो म्हणाला, "तिनंच दिलंय." झालरीच्या चुण्या सारख्या पडाव्यात म्हणून वडिलांनी कच्चा टाका दोनदा उसवून पुन्हा घातला होता, हे मी शेजारी बसून पाहिले आहे. गॅदरिंगच्या दिवशी तो सदरा घालून, डोळ्यांत काजळ घालून तो गेला आणि बायकी कपडे म्हणून त्याला फाटकावरूनच परत पाठवण्यात आले. त्याच कॉलेजच्या सभागृहात बालगंधर्वांची शालूतली तसबीर लावलेली होती, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा थोडक्यात मांडतो. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागातल्या ब्लिट्झ क्लबात १९७९ पासून मंगळवारच्या रात्री जमणाऱ्या मुलांचा प्रकार नेमका उलटा होता: तिथे दारावर स्टीव्ह स्ट्रेंज उभा असे आणि साध्या कपड्यांत आलेल्यालाच तो परत पाठवी. रंगवलेले चेहरे आणि झालरींचे सदरे मिरवणाऱ्या त्या मुलांपैकी अनेकांच्या खिशात फारसे पैसे नव्हते. जुन्या बाजारातले कपडे उसवून आणि जोडून त्यांनी आपला वेश घडवला. टोप्या घडवणारा स्टीफन जोन्स त्यांच्यातूनच पुढे आला, तर पुढे गायक म्हणून गाजलेला बॉय जॉर्ज त्या क्लबात लोकांचे कोट सांभाळत असे.

आपल्याकडेही पुरुषाच्या अशा वेशाचे कौतुक नवे नाही. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत बालगंधर्व १९०५ मध्ये शकुंतला म्हणून उभे राहिले, ते अण्णासाहेब याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. आणि बालगंधर्वांची नेसण पाहून घरंदाज स्त्रिया तसे लुगडे नेसू लागल्या. सौंदत्तीच्या जोगप्पांचा, म्हणजे यल्लम्मा देवीला वाहिलेल्या स्त्रीवेशातल्या भक्तांचा, वेश मात्र मी या यादीत घालणार नाही, कारण तो यल्लम्माच्या सेवेचा आहे आणि त्याला फॅशन म्हणणे अन्यायाचे होईल.

शनिवारी चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी आपली मुले असे कपडे पिशवीत दडवून नेतात आणि तिथे पोहोचल्यावर बदलतात. ते कपडे त्यांनी आपल्याच गल्लीतल्या शिंप्याकडे उघडपणे शिवायला टाकावेत आणि घरातूनच घालून निघावे, एवढे मला डोळ्यांनी पाहायचे आहे.